मॅडम, लायसन्स निवडण्याआधी मालकी लिहून काढा

वाचकाचं पत्र: मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात भूभौतिकी शिकवते. पुढच्या मे महिन्यात निवृत्त होईन. भूजल शोधण्यासाठी रेझिस्टिव्हिटी सर्व्हे करतात. त्या मोजण्यांवरून जमिनीखालचे थर किती जाडीचे आणि किती प्रतिरोधकतेचे आहेत हे काढणारा एक प्रोग्राम आमच्या विभागात तयार झाला. सुरुवात मी फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत केली, पुढे पीएचडीच्या तीन विद्यार्थ्यांनी भर घातली. जो मागेल त्याला आम्ही पेन ड्राइव्हवर देत आलो. लायसन्स कुठेच लिहिलेलं नाही. मी गेल्यावर हे सगळं विभागातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पडून राहील, म्हणून ते ओपन सोर्स करायचं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना वापरायला आणि बदलायला खुला करायचं मनात आहे. सहकारी म्हणतात, ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ असं लिहा, नाहीतर कंपन्या फुकट उचलतील. रजिस्ट्रार ऑफिस म्हणतं, आधी पेटंटचं बघा. विद्यार्थ्यांपैकी एक ह्यूस्टनला आहे, एक सरकारी नोकरीत, तिसऱ्याचा पत्ता नाही. शिवाय कोड जुन्या वळणाचा आहे, चारचौघांत ठेवायला संकोच वाटतो. कुठून सुरुवात करू?

नमस्कार मॅडम,

तुम्ही मे महिन्याच्या आधी लिहिलंत हे फार बरं झालं. या कामाला पैसे फारसे लागत नाहीत. पण कुणी काय लिहिलं हे आठवणारा माणूस लागतो, आणि टिपणी पुढे सरकवून सही आणू शकणारा माणूस लागतो. आज या दोन्ही ठिकाणी तुम्हीच आहात. जूनमध्ये आठवणी तुमच्याजवळ असतील, पण खुर्ची नसेल, आणि नंतर येणाऱ्याकडे खुर्ची असेल पण आठवणी नसतील. म्हणून कोणतं लायसन्स घ्यायचं हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तो अर्ध्या दिवसात सुटतो. या कोडमधली कोणती ओळ कुणाच्या मालकीची आहे, हे आधी लिहून काढायचं आहे. खरं काम तेच आहे.

लायसन्स लिहिलेलं नाही म्हणजे वस्तू मोकळी आहे, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. कायदा नेमका उलटा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामची गणना साहित्यकृतीत होते आणि हक्क लिहिताक्षणी निर्माण होतो, नोंदणी लागत नाही. परवानगी दिलेली नसेल तर सगळे हक्क मालकाकडे राहतात. म्हणजे आजवर ज्यांनी पेन ड्राइव्हवरून तुमचा प्रोग्राम नेला त्यांना तो पुढे कुणाला द्यायचा किंवा त्यात बदल करून वाटायचा अधिकार कागदोपत्री नाही. तुमची ना नव्हती, पण उद्या त्यांनी ते सिद्ध कसं करायचं? एखादा काळजीपूर्वक वागणारा संशोधक अशा कोडला हातच लावणार नाही.

आता मालक कोण ते पाहू. कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. प्राध्यापकाने लिहिलेलं काय काय ‘नोकरीचा भाग’ धरायचं यावर वाद घालता येतो, पण तुम्ही त्या वादात शिरू नका. विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण असेल तर ते मिळवा आणि त्यात सॉफ्टवेअरबद्दल काय म्हटलंय ते वाचा. धोरण नसेल तर तुमच्या भागाची मालकी विद्यापीठाची आहे असंच धरून चाला आणि विद्यापीठाकडूनच परवानगी लिहून घ्या. ज्या प्रकल्पाच्या पैशातून काम झालं त्याचं मंजुरीपत्रही कपाटातून बाहेर काढा. त्याच्या अटींमध्ये बौद्धिक संपदेबद्दल एखादा परिच्छेद असू शकतो. सल्लागारीचं काम घेताना एखाद्या कंपनीशी करार झाला असेल तर तो सगळ्यात आधी वाचा, कारण अडचण निघाली तर बहुधा तिथेच निघेल.

विद्यार्थ्यांचं गणित वेगळं आहे. फेलोशिप घेऊन पीएचडी करणारा विद्यार्थी सहसा विद्यापीठाचा नोकर नसतो. प्रवेशाच्या वेळी त्याने हक्क सोपवणाऱ्या कागदावर सही केली नसेल, तर त्याने लिहिलेल्या कोडचा मालक तोच. तुम्ही मार्गदर्शक होतात म्हणून तो हक्क तुमच्याकडे येत नाही. म्हणून तिघांचीही संमती हवी आणि ती लेखी हवी. ह्यूस्टनच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न नक्की विचारा: तिकडे नोकरीला लागल्यावर त्याने या प्रोग्राममध्ये काही दुरुस्त्या करून पाठवल्या का? पाठवल्या असतील तर तेवढ्या भागावर त्याच्या कंपनीचा हक्क असू शकतो आणि परवानगी कंपनीची लागेल. सरकारी नोकरीतल्या विद्यार्थ्यालाही हेच विचारा, कारण सरकारी कामाचा पहिला मालक सरकार असतं. पीएचडीच्या काळातलंच सगळं असेल तर दोघांच्या एकेका पत्रावर काम भागेल.

तिसऱ्याला शोधा. त्याच्या प्रबंधावर गावाचा पत्ता असेल, त्याच्या बॅचचे बाकीचे कुठेतरी असतीलच. आपल्याकडे माणूस सापडत नाही असं क्वचित होतं, शोधायला कुणी बसलेलं नसतं एवढंच. नाहीच सापडला, तर त्याने लिहिलेला भाग काढून नव्याने लिहून घ्यावा लागेल. हे वाटतं तितकं अवघड नाही. कॉपीराइट पद्धतीवर किंवा सूत्रावर नसतो, ते ज्या शब्दांत आणि रचनेत लिहिलंय त्यावर असतो. त्याच्या प्रबंधातलं सूत्र एखाद्या एमएस्सीच्या मुलीला द्या, जुनी फाइल तिला दाखवू नका, आणि तिच्याकडून नवीन सबरुटीन (प्रोग्रामचा एक ठरावीक काम करणारा तुकडा) लिहून घ्या. तिने तसं लिहिलं याची तारखेसह नोंद ठेवा.

यानंतरचा भाग सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचाही. एक दुपार काढा, प्रत्येक फाइल उघडा आणि हे आलं कुठून ते विचारा. १९९० च्या दशकातला वैज्ञानिक फोरट्रान म्हटला की दोन गोष्टी हमखास सापडतात. पहिली, ‘न्यूमेरिकल रेसिपीज’ या पुस्तकातून उतरवून घेतलेली सबरुटीन्स. तुमचा प्रोग्राम थरांचा अंदाज घेतो, मोजलेल्या वक्राशी जुळवतो आणि फरक कमी करत नेतो. म्हणजे मध्ये कुठेतरी मॅट्रिक्सचं सिंग्युलर व्हॅल्यू डीकंपोझिशन (मॅट्रिक्स सोप्या भागांत फोडण्याची एक गणिती रीत) असणार आणि ते करणाऱ्या सबरुटीनचं नाव ‘एसव्हीडीसीएमपी’ असण्याची शक्यता खूप आहे. एलयू ही मॅट्रिक्स फोडण्याची दुसरी रीत वापरणारी ‘एलयूडीसीएमपी’ आणि ‘एलयूबीकेएसबी’ ही जोडगोळी असेल तर तीही त्याच पुस्तकातली. त्या पुस्तकाचं गणित सगळ्यांचं आहे, पण छापलेल्या कोडचे हक्क राखून ठेवलेले आहेत आणि त्याचा सोर्स पुढे वाटायची मुभा नाही. तुम्ही तुमच्या प्रोग्रामवर कितीही उदार लायसन्स लावलंत तरी ही सबरुटीन्स आत असतील तर ते लायसन्स त्यांना लागू होत नाही, कारण जे आपलं नाही ते आपण देऊ शकत नाही.

उपाय सोपा आहे. लॅपॅक ही गणिताच्या तयार सबरुटीन्सची लायब्ररी बीएसडी या कमी बंधनांच्या लायसन्सखाली खुली आहे आणि हेच काम तिच्यातलं ‘डीजीईएसव्हीडी’ करतं. बदलताना मात्र दोन ठिकाणी जपा. पुस्तकातलं सबरुटीन उजवीकडची मॅट्रिक्स सरळ देतं, लॅपॅक तिचं ट्रान्सपोज, म्हणजे आडव्या ओळी उभ्या केलेलं रूप देतं. दुसरं म्हणजे, पुस्तकातलं सबरुटीन सिंग्युलर व्हॅल्यू कोणत्याही क्रमाने देतं, लॅपॅक मोठीपासून लहानकडे लावून देतं. तुमच्या कोडमध्ये पुढे लहान व्हॅल्यू शून्य करणारं लूप असेल आणि ते जागेच्या भरवशावर लिहिलेलं असेल, तर उत्तरं गुपचूप बदलतील आणि प्रोग्राम हूं की चूं करणार नाही. शिवाय जुना कोड सिंगल प्रिसिजनमध्ये (कमी अंकांच्या अचूकतेत) असेल आणि नवा डबलमध्ये, त्यामुळे शेवटचे आकडे हलणारच. म्हणून बदलाआधी तुमची खात्रीची जुनी साउंडिंग्ज (एकेका जागेच्या मोजण्यांचे संच) जुन्या प्रोग्राममधून चालवून उत्तरं फाइलमध्ये ठेवा, बदलानंतर तीच परत चालवा आणि थरांच्या जाड्या शेजारी शेजारी ठेवून बघा. हे काम तुमच्या डोळ्यांसमोर व्हावं असं मला फार वाटतं. तिसऱ्या थराची जाडी थोडी हलली तर ती भूशास्त्राच्या दृष्टीने चालण्यासारखी आहे की नाही हे तुम्हाला एका नजरेत कळेल. ते लायसन्सच्या जाणकाराला सात जन्मांत कळणार नाही.

दुसरी हमखास गोष्ट म्हणजे आलेख काढणारी पीजीप्लॉट लायब्ररी. ती कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकची, बिगरव्यापारी वापराला मोफत, पण तिचा सोर्स परवानगीशिवाय पुढे वाटता येत नाही. तुमच्या फोल्डरमध्ये तिची प्रत ठेवलेली असेल तर ती काढा. माझं मत विचाराल तर आलेखाचा भागच प्रोग्राममधून बाहेर काढा. उत्तरं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहू द्या आणि लॉग-लॉग आलेख पायथनच्या मॅटप्लॉटलिबने काढा. आजच्या विद्यार्थ्यांना तेच येतं.

एका गोष्टीची मात्र उगाच धास्ती घेऊ नका. रेझिस्टिव्हिटीच्या मोजण्यांसाठी घोष यांनी १९७१ मध्ये जे रेखीय फिल्टर मांडले त्यांचे गुणक तुमच्या कोडमध्ये असणारच, या विषयातल्या असंख्य प्रोग्राम्समध्ये ते आहेत. ती पद्धत आणि ते मोजके आकडे वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. ते कुठून घेतले ते कमेंटमध्ये नीट लिहा, म्हणजे झालं. त्या गुणकांसकट कुणा दुसऱ्याचं आख्खं सबरुटीन उचललं असेल तरच प्रश्न आहे.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या सूचनेकडे येते. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’. मॅडम, कृपा करून हे लिहू नका. त्यांचा हेतू चांगला आहे, पण या एका ओळीने तुमच्या प्रोग्रामचा जीव जाईल. ती ओळ असलेलं सॉफ्टवेअर ओपन सोर्स धरलंच जात नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या व्याख्येतच लिहिलंय की वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करता येणार नाही. पण व्याख्या सोडा, तुमच्या जिल्ह्यात बघा. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टवर उभा आहे. पाणी सापडतं ते झिजलेल्या थरात, भेगांमध्ये, दोन लाव्हा प्रवाहांच्या मधल्या लाल मातीच्या पट्ट्याच्या आसपास, आणि शंभर फुटांवर चित्र बदलतं. शेतकरी बोअर घ्यायच्या आधी ज्याला बोलावतो तो सर्व्हे करणारा माणूस कोण असतो? एक मीटर, चार लोखंडी सळया, वायरची रिळं आणि एक जीप, एवढा त्याचा पसारा. तो शेतकऱ्याकडून पैसे घेतो, म्हणजे त्याचा वापर व्यापारी झाला. तुमच्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईतली मोठी कंपनी आहे, पण ती ओळ अडवणार या माणसाला. मोठ्या कंपनीकडे वकील आहेत आणि महागडं तयार सॉफ्टवेअर घ्यायला पैसे आहेत. हा माणूस मात्र चोरून आणलेल्या प्रतीवर किंवा निव्वळ अंदाजावर काम करत राहील, आणि बोअर फेल गेली की कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर बसेल. पाणी शोधणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचंही तेच. संस्था अनुदानावर चालते, पण एखाद्या साखर कारखान्याचं काम पैसे घेऊन करते. तो वापर शैक्षणिक की व्यापारी? कुणालाच सांगता येणार नाही, आणि जिथे सांगता येत नाही तिथे सज्जन माणूस वापर टाळतो.

जगातल्या संशोधकांनी या वाटेवरून जाऊन पाहिलंय. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर ही संख्याशास्त्राची भाषा लिहिली. ती मुक्त करावी म्हणून स्वित्झर्लंडचे मार्टिन मेख्लर यांनी त्यांच्यामागे लकडा लावला आणि १९९५ मध्ये ती जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली आली. आज आपल्याकडे शेतीच्या प्रयोगांचं विश्लेषण करणारा विद्यार्थी तीच भाषा शिकतो. मेटिस हा मोठ्या जाळ्यांचे तुकडे पाडणारा मिनेसोटा विद्यापीठाचा प्रोग्राम आहे. त्याच्यावर अशीच बिगरव्यापारी अट होती. २०१३ मध्ये ती काढून अपाचे २.० हे कमी बंधनांचं लायसन्स लावलं गेलं. रेणूंच्या हालचालींचं गणित करणारा ग्रोमॅक्स आधीपासून जीपीएलखाली खुला होता. तरीही आवृत्ती ४.६ पासून तो एलजीपीएलवर आला, म्हणजे आणखी सैल झाला. एकाही उदाहरणात मूळ लेखकांचं नाव पुसलं गेलं नाही.

मग कोणतं लायसन्स? ‘कंपनी उचलेल’ या भीतीला दोन प्रामाणिक उत्तरं आहेत. तुमच्या मनाला खरंच लागत असेल की कुणी तुमचा कोड घेऊन, त्यात भर घालून, बंद पेटीत विकू नये, तर जीपीएल ३ घ्या. त्यात विकायला बंदी नाही, पण जो प्रोग्राम देईल त्याने घेणाऱ्याला सोर्सही त्याच अटींवर द्यायला हवा. आणि जास्तीत जास्त ठिकाणी पोचावं हीच इच्छा असेल तर अपाचे २.० घ्या. मी तुमच्या जागी असते तर अपाचे घेतलं असतं, आणि त्याला कारणं आहेत.

भूभौतिकीतले आजचे जिवंत प्रकल्प याच बाजूचे आहेत. पायजिमली अपाचे २.० खाली आहे, सिमपेग एमआयटी या तशाच कमी बंधनांच्या लायसन्सखाली. तुमचा कोड अपाचेखाली असेल तर त्यांतला कुणीही तुमची एखादी युक्ती सरळ आपल्यात घेऊ शकेल. जीपीएलचा कोड घ्यायचा तर त्यांना स्वतःचं लायसन्स बदलावं लागेल, आणि ते ते करणार नाहीत. निवृत्तीनंतर कोड जिवंत राहायचा तर तो कुणा मोठ्या प्रकल्पात मिसळून जाणं हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. रेझिस्टिव्हिटी मीटर बनवणारा एखादा छोटा कारखानदारही तुमचं गणित यंत्रातच बसवू शकेल, आणि जीपवाल्याच्या हातात ते तसंच पोचण्याची शक्यता जास्त.

दुसरं कारण आपल्या कायद्यातलं आहे. कलम १९ प्रमाणे हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि कलम ३०अ ने या तरतुदी परवान्यांनाही जोडलेल्या आहेत. एमआयटी आणि बीएसडीच्या छोट्याशा मजकुरात मुदत किंवा प्रदेश यांबद्दल चकार शब्द नाही. अपाचेच्या मजकुरात परवानगी कायमची आणि जगभरासाठी असल्याचं स्पष्ट म्हटलंय. जीपीएल ३ मध्येही कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीचा उल्लेख आहे. लिहिलेलं असताना न लिहिलेल्यावर का विसंबायचं?

तरीही दोन्हींमध्ये मन अडलं तर जीपीएलने सुरुवात करा. सगळी मालकी एका हातात असेल तर पुढे सैल करता येतं. दिलेल्या प्रतींवरचं सैल लायसन्स मात्र नंतर घट्ट करता येत नाही. स्वतःच्या शब्दांत नवीन लायसन्स लिहायला बसू नका, आणि विधी विभागालाही बसू देऊ नका. क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स कोडला लावू नका, ते सॉफ्टवेअरसाठी नाही असं खुद्द तीच संस्था सांगते. वापराच्या पुस्तिकेला ते लावा, तिथे ते शोभतं.

पेटंटचं दोन वाक्यांत सांगते. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम आणि गणिती पद्धत यांना पेटंट मिळत नाही, आणि तुमची पद्धत प्रबंधांमधून आणि पेपरांमधून केव्हाच प्रसिद्ध झाली आहे. रजिस्ट्रार ऑफिसला हेच लिहून द्या.

डेटाबद्दल मात्र मला काळजी वाटते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. प्रोग्रामच्या शेजारी उदाहरणांचा फोल्डर असणार आणि त्यात फाइल्सच्या पहिल्या ओळीत गाव, गट नंबर, शेतकऱ्याचं नाव, कदाचित मोबाइल नंबरही असणार. अमक्याच्या शेतात इतक्या फुटांवर पाणी आहे, ही माहिती गावात किती मोलाची असते हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या माणसाने तुम्हाला शेतात पाय ठेवू दिला तो विश्वासाने. या फाइल्स बाहेर जाता कामा नयेत. नाव आणि गट नंबर काढले तरी अक्षांश-रेखांश राहिले तर काही उपयोग नाही. तीन-चार कृत्रिम साउंडिंग्ज तयार करा, ज्यांचे थर तुम्हीच ठरवले आहेत, आणि तीच उदाहरणं म्हणून द्या. कुठल्या सरकारी खात्याकडून हमीपत्रावर सही करून घेतलेली माहिती असेल तर ते हमीपत्र काढून वाचा. कोड खुला केला म्हणजे डेटा खुला करावाच लागतो असं अजिबात नाही.

याच कारणासाठी जुना सगळा इतिहास जसाच्या तसा गिटवर (कोडचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनावर) चढवू नका. आज पुसलेली फाइल मागच्या नोंदींमध्ये राहते आणि कुणीही ती काढू शकतं. स्वच्छ केलेल्या प्रतीपासून सार्वजनिक सुरुवात करा. जुना साठा मात्र फेकू नका, त्याची एक प्रत विभागात कुलपात ठेवा. कुणी काय केव्हा लिहिलं याचा तोच पुरावा आहे.

कोड जुन्या वळणाचा आहे याचा संकोच मनातून काढून टाका. मोठे ‘कॉमन’ ब्लॉक आणि ‘गो टू’ पाहून या क्षेत्रातला कुणी हसणार नाही, लॅपॅकचा पाया याच फोरट्रानचा आहे. सुंदर करून मग देऊ म्हटलंत तर मे उलटून जाईल. कोडपेक्षा सोबतच्या माहितीकडे लक्ष द्या. इंग्रजीबरोबर मराठीतही एक पानभर लिहा: प्रोग्राम काय करतो, मोजण्या कोणत्या साच्यात द्यायच्या, आणि तो कुठे फसतो. थर आडवे आहेत असं तो धरून चालतो, डाइक (खडकात उभी घुसलेली दगडाची भिंत) किंवा मोठी भेग आली की उत्तर दिसायला छान पण चूक येतं. हे जीपवाल्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. लायसन्समध्ये हमी नाकारणारं कलम असतंच, त्यामुळे कोरड्या बोअरसाठी तुम्हाला कुणी सहजी जबाबदार धरू शकणार नाही. पण कलम तुम्हाला वाचवेल, शेतकऱ्याला ते मराठी पान वाचवेल.

ठेवायचं कुठे? गिटहबवर किंवा गिटलॅबवर, पण खातं विभागाच्या नावाने काढा आणि चाव्या दोघांकडे द्या, त्यातला एक तरी अजून वीस वर्षं नोकरीत असणारा असावा. पहिली आवृत्ती सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या झेनोडो या साठ्यावर चढवा. तिथे डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक मिळतो आणि प्रत सांभाळली जाते. कसा उल्लेख करायचा ते सांगणारी साइटेशनची फाइल ठेवा, लेखकांमध्ये तिन्ही विद्यार्थ्यांची नावं हवीत. हक्क दिला तरी लेखक म्हणून नाव राहण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे त्यांचाच आहे. नंतर जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरला छोटा लेख पाठवता येईल. तिथे मान्यताप्राप्त ओपन सोर्स लायसन्स ही पहिली अट आहे, म्हणजे ‘शैक्षणिक वापर’ तिथेही आडवं आलं असतं.

विद्यार्थ्यांना पाठवायचा मजकूर असा ठेवा: “या प्रोग्रामचा जो भाग मी अमुक ते अमुक साली, पीएचडीचा विद्यार्थी असताना लिहिला, त्यातला जो काही कॉपीराइट माझ्याकडे असेल तो भाग अपाचे लायसन्स २.० खाली प्रसिद्ध करण्यास माझी संमती आहे. ही संमती कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी आहे. यानंतर मी कोणत्याही नोकरीत असताना या प्रोग्राममध्ये भर घातलेली नाही. लेखकांच्या यादीत माझं नाव असं यावं.” खाली नाव, सही, तारीख. सही करून स्कॅन करून मागवा, आणि ज्या मेलमधून तो स्कॅन आला तो मेलही जपा. नोकरीत असताना भर घातली असेल तर ते तिसरं वाक्य काढून काय भर घातली ते लिहून मागा.

विद्यापीठाकडे टिपणी पाठवाल ती एका पानाची असू द्या. प्रोग्राम काय आहे, कुणाकुणाचं काम आहे, संमत्या सोबत जोडल्या आहेत, पेटंटचा प्रश्न का येत नाही, आणि विद्यापीठाने आपल्या हक्काचा भाग अपाचे २.० खाली प्रसिद्ध करायला मान्यता द्यावी, एवढंच. सरकारी ॲप्लिकेशन्सचा सोर्स खुला करण्याचं धोरण केंद्राने २०१५ मध्येच काढलंय आणि आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प केंद्राच्याच शिक्षण मोहिमेखाली मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो, हे दोन दाखले जोडा. ते तुमच्या विद्यापीठाला बंधनकारक नाहीत, पण सही करणाऱ्याला आधार लागतो. मान्यता पत्ररूपाने घ्या, जावक क्रमांकासह, आणि त्याचा स्कॅन कोडच्या जुन्या साठ्याबरोबरच ठेवा.

टिपणी दिवाळीच्या सुट्टीआधी गेली पाहिजे. फाइल अडकली आणि एप्रिल आला, तर विद्यार्थ्यांचे आणि उसने घेतलेले भाग कोणते याचा तक्ता आणि जुनी-नवी उत्तरं शेजारी ठेवलेली ती फाइल तरुण सहकाऱ्याच्या हातात द्या, आणि ‘अर्जदार’ म्हणून टिपणीवर पहिल्यापासूनच त्याचंही नाव घाला. तुम्ही निवृत्त झालात तरी मग फाइल बंद होणार नाही, विचारणा त्याच्याकडे येईल.

तिसरा विद्यार्थी सापडला तर कळवा.